बारा चित्रांचा एक सेकंद

खुर्चीवर बसलेला माणूस उठतो आणि खुर्चीही त्याच्या पाठीला चिकटून उठते. तो चालू लागतो, तशी खुर्ची चालू लागते. मागे काहीतरी जड लागतंय म्हणून तो गर्रकन वळतो, तर खुर्चीही वळते. त्यामुळे ती त्याला एकदाही दिसत नाही. पारावर बसलेल्या लोकांना मात्र ती सारखी दिसत राहते. गोष्ट एवढीच, बारा सेकंदांत संपणारी.

ओळखीच्या एका शिक्षकाने ही फिल्म मला फोनवर पाठवली होती. सोबत एकच ओळ होती: वसमत तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांनी हाताने काढली आहे. मी ती पुन्हा पुन्हा लावून पाहिली. विनोद पहिल्याच वेळी कळला होता. परत परत बघायला लावत होती ती त्या माणसाची चाल. दर दुसऱ्या पावलाला तो गळ्यातलं उपरणं सावरतो आणि सावरताना हनुवटी जराशी वर करतो. कोणी नमस्कार करतंय का, हे बघण्यासाठी वर केलेली हनुवटी. असं काही घरात बसून सुचत नाही. सातवीतल्या कुणीतरी ते गावात उभं राहून पाहिलेलं होतं. कोणी पाहिलं आणि कागदावर कसं आणलं, हे बघायला मी हिंगोली जिल्ह्यात गेले.

शाळा म्हणजे एका ओळीतल्या चार खोल्या, पुढे व्हरांडा, मैदानात लिंबाचं झाड आणि झेंड्याचा कट्टा. त्याच्या पलीकडे लगेच शेतं. फाल्गुनाचे दिवस होते. जमिनीतून काढलेली हळद लोखंडी ड्रमांत वाफेवर शिजत होती आणि तिचा मातकट, कडसर, घशाला धरणारा वास खिडक्यांतून सरळ वर्गात येत होता. मुलांना तो जाणवतही नव्हता. मला मात्र त्या वर्गातलं जे जे आज आठवतं, ते त्या वासासकट आठवतं. या दिवसांत बरीच मुलं शाळा सुटल्यावर घरच्यांबरोबर हळद वेचायला, पसरायला जातात. त्यांच्या बोटांच्या पेरांवर पिवळा रंग बसलेला असतो आणि चित्रांच्या कडांवरही तो उतरतो. खुर्चीच्या फिल्ममध्ये मधूनच एखादं चित्र पिवळट का दिसतं, ते तिथे गेल्यावर कळलं.

मुलांना हे शिकवणारे सर गणित आणि विज्ञानाचे. शाळेला चित्रकलेचा वेगळा शिक्षक नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ज्यांना थांबायचं आहे ती मुलं थांबतात आणि सर त्यांना घेऊन बसतात. मी चित्रकलेचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “यात चित्र कमी आणि मोजणी जास्त आहे बघा. एका सेकंदाला बारा.”

हा आकडा त्या खोलीत सारखा कानावर पडतो. सिनेमाची फीत सेकंदाला २४ चौकटींनी पुढे सरकते. हाताने काढणाऱ्यांनी फार पूर्वीच ठरवून टाकलं की एकच चित्र दोन चौकटींवर टिपलं तरी डोळ्याला हालचाल सलग वाटते. म्हणून सेकंदाला बारा. खुर्चीच्या फिल्मसाठी मुलांनी १४४ चित्रं काढली. दहा मिनिटांची फिल्म करायची तर ७,२०० लागतील. हा हिशेब मुलांनीच मला तोंडी करून सांगितला, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर धास्ती नव्हती, मोठा डोंगर बघितल्यासारखं कुतूहल होतं.

साहित्य सगळं गावातलं आहे. कागद पाठकोरे, कार्यालयांतून आणि झेरॉक्सच्या दुकानातून जमवलेले, मागे परिपत्रकं आणि याद्या छापलेले. कागदाला पंच मशीनने दोन भोकं पाडायची. लाकडी फळीवर दोन खुंट्या ठोकलेल्या आहेत, त्यांत ती भोकं अडकवली की कागद तसूभरही सरकत नाही. दोन बाकांच्या मधे खिडकीची काच ठेवलेली, तिच्याखाली बल्ब, म्हणजे खालचं चित्र वरच्या कागदातून दिसतं आणि हात किंवा पाय किती सरकवायचा ते ठरवता येतं. प्रयोगाच्या लोखंडी स्टँडला फोन बांधलेला, तोंड खाली. चित्र ठेवायचं, फोटो काढायचा, उचलायचं, पुढचं ठेवायचं. शंभर वर्षांपूर्वीच्या मोठमोठ्या स्टुडिओंतही मूळ काम याहून वेगळं नव्हतं.

चाल शिकवताना सर फळ्याकडे जातच नाहीत. एका मुलाला व्हरांड्यातून चालायला लावतात, बाकीचे टाळ्या मोजतात. प्रत्येक टाळीला तो जिथे असेल तिथे थिजतो. पाय अधांतरी असला तर अधांतरी. पहिल्या टाळीला टाच टेकलेली. चौथ्या टाळीला एक पाय दुसऱ्याला ओलांडत असलेला. सातव्या टाळीला दुसऱ्या पायाची टाच. दहाव्या टाळीला पुन्हा ओलांडणं. ही ‘टोकाची’ चित्रं आधी काढायची, मग त्यांच्यामधली. एवढं जमलं की सर सांगतात, “आता पोट दुखणारा म्हातारा होऊन चाल. आता शाळा तपासायला आलेला साहेब हो.” एका मुलीने सरांचीच चाल करून दाखवली: एक हात मागच्या खिशावर, मोटारसायकलची किल्ली आहे ना हे दर चार पावलांनी चाचपणारा. सगळ्यांत मोठ्याने हसले ते सरच.

खुर्चीची फिल्म ज्याच्या डोक्यातून निघाली तो मुलगा अबोल आहे. पहिल्या वेळी त्याने त्या माणसाला मोठं पोट आणि आकडेबाज मिशा काढल्या होत्या. फिल्ममध्ये त्या दोन्ही नाहीत. का काढून टाकल्या, असं विचारलं तर म्हणाला, “पोट काढायलो की पोटच दिसायलं, माणूस दिसेना गेला.” मग तो पारापाशी बसून माणसं बघत राहिला. एकाचं उपरणं सापडलं, दुसऱ्याची हनुवटी सापडली, तिसऱ्याचा गुडघा दुखतो हे लक्षात आलं. फिल्ममधला माणूस उजवा पाय जरा जपून टाकतो, तो त्या तिसऱ्याचा. ही चाल कुणाची, याचं उत्तर त्याच्यापाशी सरळ आहे: तिघांची मिळून.

मला तिथे जे उमगलं ते या मुलामुळे. कुणाची चेष्टा करायला एक नजर पुरते. पण ती चेष्टा काढायची असेल तर त्या माणसाकडे एका सेकंदासाठी बारा वेळा बघावं लागतं. पाचव्या-सहाव्या चित्रापर्यंत राग टिकत नाही, कंटाळा येतो. कंटाळ्याच्या पलीकडे गेलं की खरं दिसायला लागतं. मग पोट आणि मिशा गळून पडतात आणि उपरणं सावरणारा हात उरतो. व्यंग सौम्य होत नाही, उलट धारदार होतं. फक्त त्यातला खोटेपणा निघून जातो.

सुरुवातीच्या कार्टूनपटांत ही गोष्ट ठळक दिसते आणि म्हणूनच सर मुलांना तेच दाखवतात. वर्गातल्या टीव्हीवर त्या शनिवारी एमिल कोल या फ्रेंच चित्रकाराची ‘फँटास्मागोरी’ लावली होती. १९०८ सालची ही फिल्म दोन मिनिटांचीही नाही; तिच्यासाठी सुमारे ७०० चित्रं काढलेली आहेत. कोलने पांढऱ्यावर काळ्या रेषा काढल्या आणि फीत उलटी छापली, त्यामुळे सगळं काळ्या फळ्यावर खडूने काढल्यासारखं दिसतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांना ती आपल्या घरची वाटते, यात नवल नाही. तिच्यात एक गृहस्थ खेळ बघायला येऊन बसतो. पुढे एक बाई येऊन बसते, डोक्यावर पिसांची भलीमोठी टोपी. गृहस्थाला काही दिसत नाही, म्हणून तो एकेक पीस उपटायला लागतो. त्या काळच्या पॅरिसमधली श्रीमंती फॅशन आणि तिच्यामागे बसलेल्यांची चडफड, दोन्ही काही सेकंदांत आलं. पोरं खदाखदा हसली. पुढे बसून आडवं येणारं मोठं माणूस प्रत्येक गावात असतंच.

त्यानंतर विन्सर मॅकेचा डास. अमेरिकेतल्या या चित्रकाराने १९१२ साली काढलेला डास टोपी घालून, हातात बॅग घेऊन कामावर निघतो, झोपलेल्या माणसाचं रक्त पितो, पितच राहतो, आणि शेवटी पोट फुटून मरतो. डासाने बॅग खाली ठेवली तेव्हा मागून एक मुलगा म्हणाला, “हा तर हप्तेवाला!” वर्ग एकदम पेटला. दर आठवड्याला बायकांच्या कर्जाचा हप्ता गोळा करायला मोटारसायकलवरून जो माणूस गावात येतो, त्याची बॅग मुलांना डासाच्या हातात दिसली. सर काही बोलले नाहीत. फिल्म तिथेच थांबवून त्यांनी मुलांना पुन्हा बघायला लावलं: डास बॅग ठेवताना कसा वाकतो? किती चित्रांत वाकतो?

लिंबाच्या झाडाची एक गंमत सांगायला हवी. खुर्चीच्या फिल्ममध्ये मागे लिंब आहे आणि तो सतत थरथरतो. वारा नाही, प्रत्येक कागदावर झाड नव्याने गिरवलेलं आहे आणि कोणतीही दोन झाडं हुबेहूब सारखी उतरलेली नाहीत. मॅकेने १९१४ साली ‘गर्टी’ ही डायनासोर काढली तेव्हा तिच्या मागचे डोंगर आणि दगडही प्रत्येक चित्रात पुन्हा काढलेले होते. ते काम त्याचा मदतनीस करत असे. त्याच वर्षी अर्ल हर्डने पारदर्शक सेल्युलॉइडवर पात्र काढून ते एकाच स्थिर पार्श्वभूमीवर ठेवण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि मग कार्टूनचे कारखाने उभे राहू शकले. सरांनीही एकदा पारदर्शक प्लास्टिकचे कागद आणून बघितले. काम निम्म्यावर आलं. पण मुलांना ते आवडलं नाही. “माणूस चालायला अन् लिंब मेल्यासारखं उभं,” असं त्यांचं म्हणणं. मुलं पुन्हा प्रत्येक कागदावर लिंब काढायला लागली. या फिल्मचा जो जीव आहे तो या थरथरीतच आहे असं मला वाटतं. पडद्यावर काहीही स्वस्तात मिळालेलं नाही, मागच्या झाडालासुद्धा कुणाचातरी हात लागलाय, हे बघणाऱ्याला न सांगता कळतं.

फाळक्यांची गोष्ट सर मुलांना फार रंगवून सांगतात, आणि ती सांगण्यासारखीच आहे. सिनेमाला भांडवल मिळवायचं म्हणून दादासाहेब फाळक्यांनी आधी एक छोटी फीत केली, ‘अंकुराची वाढ’. कुंडीतल्या बीचं रोप होताना ठराविक अंतराने एकेक चौकट टिपत गेले आणि महिन्याहून अधिक काळाची वाढ पडद्यावर क्षणात घडली. पुढे १९१५ साली, महायुद्धाच्या ओढगस्तीच्या दिवसांत, त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काड्यांच्या पेटीतल्या काड्या एकेक चौकट हलवत नाचवलेल्या. मोठा स्टुडिओ नको, नट नकोत, एक काडेपेटी आणि बसून राहण्याची तयारी. मुलांना ही शेवटची गोष्ट लगेच पटते, कारण ती त्यांच्याजवळ आहे. दोन दशकांनी पुण्यात प्रभातनेही ‘जंबूकाका’ नावाचा छोटा कार्टूनपट केला. हा वारसा आपल्याच भाषेतल्या माणसांचा आहे, हे मुलांना कळलं पाहिजे असा सरांचा आग्रह असतो.

आता त्या मुलीबद्दल. सातवीतली, दोन घट्ट वेण्या, उजव्या हाताची बोटं इतरांपेक्षा जास्त पिवळी. राज्यातल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांत ‘मीना राजू मंच’ आहे. त्यातली मीना मूळची कार्टूनमधली. १९९०च्या दशकात युनिसेफसाठी राम मोहन यांच्या मुंबईतल्या स्टुडिओने तिला रूप दिलं. त्या मालिकेत आंब्याची एक गोष्ट आहे: झाडावर चढून आंबा काढते मीना, पण मोठा वाटा मिळतो भावाला, राजूला. मग दोघं एक दिवस कामं बदलून घेतात आणि राजूला कळतं की मीनाचं काम किती आणि ताटातलं किती. ही फिल्म बघून त्या मुलीने ठरवलं की आपण भाकरीची काढायची. एक भाकरी तव्यावरून उडी मारते आणि घरभर फिरत कुणाच्या ताटात जायचं ते ठरवते. आजोबांचं ताट, वडिलांचं, भावाचं. मुलीच्या ताटापाशी येईपर्यंत ती अर्धी होते. आईपाशी येते तेव्हा चतकोर.

भाकरी जमली. मुलगी अडकली ती आई काढताना. ती रोज संध्याकाळी चुलीपाशी बसून आईचे हात बघू लागली. पीठ मळणं, गोळा, थापणं, तव्यावर टाकणं, वरून पाण्याचा हात फिरवणं, उलटणं, आरावर फुगवणं, टोपलीत ठेवणं. मी तिच्या शेजारी बसले होते तेव्हा तिच्यापुढे अकरा कागद होते आणि बारावा कोरा. ती सरांना म्हणाली, “सर, आईचा हात थांबतच नाही. चित्र संपवायचं कुठं?”

हे वाक्य मला अजून सोडत नाही. तांत्रिक प्रश्न होता तो. हालचालीचं चक्र करायचं असेल तर बारावं चित्र पहिल्याला जाऊन मिळालं पाहिजे, म्हणजे तेच बारा कागद फिरवत ठेवता येतात. चालीला असं चक्र असतं. भाकऱ्या करण्यालाही असतं, असं तिने गृहीत धरलं होतं. पण प्रत्येक भाकरीच्या मधे आई दुसरंच काहीतरी करत होती: लाकूड पुढे सरकवणं, धाकट्याला हाक मारणं, कालवणाचं झाकण काढून बघणं, पदराने घाम पुसणं. चक्र मिळेना. सर म्हणाले, “नसेल थांबत तर नको थांबवू. मोज फक्त.” मग तिने चक्र सोडून दिलं. आईची चित्रं एकावर एक वाढत गेली. चौदा सेकंदांच्या त्या फिल्ममध्ये १६८ चित्रं आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त चित्रांत आईचा हात आहे. भाकरी सगळीकडे उड्या मारते, लोक हसतात; आणि मागे, चौकटीच्या कोपऱ्यात, तो हात चालूच राहतो. आईच्या जेवणाचं चित्र फिल्ममध्ये नाही. मी कारण विचारलं. ती म्हणाली, “जेवतानी मला सापडलीच नाही ती.”

मीनाच्या मागे एक मोठी शाळा उभी आहे, तीही सांगितली पाहिजे. १९४८ साली सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने १९५६ मध्ये मुंबईत कार्टून विभाग काढला. शिकवायला डिस्नेच्या ‘बॅम्बी’सारख्या चित्रपटांवर काम केलेले क्लेअर वीक्स आले. पुढच्याच वर्षी तिथे ‘द बनियन डिअर’ ही जातककथेवरची रंगीत फिल्म तयार झाली, आणि तिच्या रेषांसाठी चित्रकार गेले अजिंठ्याच्या भिंतींकडे, म्हणजे आमच्या मराठवाड्याकडे. राम मोहन याच विभागात उमेदवारी करून मोठे झाले. पुढे मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’मध्ये (१९६९) कडक रेल्वे अधिकाऱ्याच्या नोकरशाहीवर, आणि सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’मध्ये (१९७७) संस्थानं चेरीसारखी एकेक तोंडात टाकणाऱ्या डलहौसीवर जी कार्टूनं आहेत, ती त्यांच्या हातची. संबंध साम्राज्याची भूक एका फळ खाण्याच्या लकबीत पकडणं, हे त्या खुर्चीवाल्या मुलाच्या उपरण्याच्याच जातीचं काम आहे.

पण याच फिल्म्स डिव्हिजनने बचतीची, कुटुंब नियोजनाची, स्वच्छतेची संदेशपर कार्टूनंही काढली. चित्रपटगृहांना मुख्य खेळाआधी अशा फिल्म दाखवणं बंधनकारक होतं, आणि खेड्यांत प्रसिद्धी खात्याच्या गाड्या पांढरा पडदा लावून त्या दाखवत. पारावर मला एक वयस्कर गृहस्थ भेटले, त्यांना असा एक खेळ आठवत होता. कार्टूनमधला नवरा दारात उभा राहून पोरं मोजायचा आणि दरवेळी मोजणी चुकायची, हे त्यांनी मला उभं राहून करून दाखवलं. शेवटी काय सांगितलं होतं, ते त्यांना अजिबात आठवत नव्हतं. सोंग राहिलं, भाषण गेलं.

सोंगाची या मुलखाला जुनी सवय आहे. फौजदाराचा वेश करून बहुरूपी दारात येतो, वाट्टेल ते कलम लावून दम देतो, आणि घरचे लोक हसत हसत त्याला धान्य घालतात. खऱ्या फौजदारापुढे ज्यांची मान वर होत नाही, ती माणसं त्या पाच मिनिटांत त्याच्याकडे नीट बघून घेतात. भारुडातही तेच आहे: सोंग आणायचं, हसवायचं, आणि हसता हसता स्वतःच्या घरात बघायला लावायचं. बहुरूप्याचं सोंग कोणी मनावर घेत नाही, पण कागदावरचं घेतात. खुर्चीची फिल्म फोनांवरून फिरली तेव्हा गावातला एकजण शाळेत येऊन विचारून गेला होता, “हे कुणावर काढलंय?” सरांनी त्याला बसवून घेतलं, मुलांची १४४ चित्रं समोर ठेवली आणि पारापाशी कोण कोण बसतं, कुणाच्या कोणत्या लकबी आहेत, हे त्यालाच विचारलं. तो बराच वेळ चित्रं उलटत बसला. जाताना म्हणाला, “उपरणं बरोबर धरलंय.”

भाकरीची फिल्म गावात दाखवली ती मैदानात, लिंबाला चादर बांधून. शाळेचा प्रोजेक्टर होता, पालक होते, बायका मागच्या बाजूला. भाकरी आजोबांच्या ताटावर उडी मारते तिथे मोठा हशा झाला. भावाच्या ताटापाशी पुन्हा झाला. पुढे बसलेले पुरुष शेवटपर्यंत हसत होते. बायका मध्येच हसायच्या थांबल्या. फिल्म संपल्यावर एकीने सांगितलं, पुन्हा लावा. पुन्हा लावली. या वेळी बायका भाकरीकडे बघतच नव्हत्या, कोपऱ्यातल्या हाताकडे बघत होत्या, आणि आपापसांत बोलत होत्या: आता लाकूड सारलं, आता झाकण काढलं. पुढच्या एक-दोन पुरुषांनी मागे वळून बघितलं, आणि मग तेही कोपऱ्याकडे बघू लागले. त्या मुलीची आई सगळ्यांत मागे उभी होती. ती काही बोलली नाही. हळदीचा वास तिच्या लुगड्याला होता.

त्या रात्रीनंतर फिल्म तालुक्याच्या एका कार्यक्रमात दाखवावी असं ठरलं आणि कोणीतरी चांगल्या हेतूने सुचवलं की शेवटी एक पाटी टाका: मुलगा-मुलगी समान. सरांनी नकार दिला. मुलांनाही नको होती. मला त्या दोघांचंही पूर्ण पटतं. पाटी टाकली की बघणारा माणूस सुटतो. वाचतो, मान डोलावतो, मोकळा होतो. पाटी नसेल तर त्याला कोपऱ्यातला हात घरी घेऊन जावा लागतो. पारावरच्या त्या गृहस्थांना अर्धशतकानंतर दारात पोरं मोजणारा नवरा आठवतो आणि उपदेश आठवत नाही, याचा अर्थ इतकाच की माणसं जे पाहतात ते ठेवतात आणि जे सांगितलं जातं ते टाकून देतात. कोलच्या पिसांच्या टोपीखाली, मॅकेच्या डासाखाली कुणी पाटी लावली नव्हती. शंभरहून अधिक वर्षं झाली तरी वसमत तालुक्यातल्या मुलाला त्या डासात हप्तेवाला ओळखू येतो.

मुलांकडून समाजावर चित्रं काढून घेण्याची हौस अनेक स्पर्धांना असते, आणि त्या स्पर्धांत झाडं लावा, पाणी वाचवा याच्या पलीकडे फारसं काही येत नाही, कारण विषय आधीच ठरलेला असतो आणि मुलाने तो फक्त रंगवायचा असतो. इथे उलट आहे. इथे मुलाला विषय देत नाहीत, मोजणी देतात. एका सेकंदाला बारा. मोजता मोजता त्याला स्वतःचं गाव दिसतं, स्वतःचं घर दिसतं, आणि त्यातलं काय हसण्यासारखं आहे आणि काय नाही, हे त्याचं त्याला ठरवता येतं. याला लागतात ते पाठकोरे कागद, दोन खुंट्या, एक काच, एक फोन आणि शनिवारचा एक तास. यातली सगळ्यांत दुर्मीळ वस्तू तो तास आहे. चित्रकलेला शिक्षक नाही, असलेल्या शिक्षकाला माहिती भरण्याच्या कामांतून सवड नाही, अशा शाळांत तो तास काढून देणं हे सरांचं खरं कर्तृत्व आहे, आणि ते एकट्या माणसाच्या हौसेवर सोडणं बरोबर नाही. हा तास वेळापत्रकात यायला हवा, हक्काने.

सरांनी भाकरीची फिल्म कार्यक्रमाला पाटीशिवायच पाठवली. मुलांचं पुढचं काम सुरू झालं आहे. विषय आहे शाळेतली हजेरी: नाव पुकारलं की बाकावरून आधी आवाज उठतो, मागून मुलगा. पण हळदीच्या दिवसांत काही बाकांवरून नुसताच आवाज येतो, कारण मुलगा शेतात असतो. तो शेतातून धावत निघून ‘हजर’ म्हणायला वर्गात किती सेकंदांत पोचेल, यावर त्यांची जोरात चर्चा चालली होती. प्रत्येक सेकंदाची चित्रं बारा, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.